सिझरनंतरचे दिवस: दुखणं, टाके, दूध आणि बाळंतिणीला खरंच काय हवं असतं

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ एवढा निरोप आला की घरचे निर्धास्त होतात. बाळंतिणीचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. सिझरमध्ये कातडी, त्याखालची चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, आतला पडदा आणि शेवटी गर्भाशयाची भिंत असे थर एकामागून एक उघडावे लागतात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग हे सगळं परत शिवायचं. एरवी पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरात कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. इथे त्याच रात्री दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचं असतं.

हे काही थोड्या बायकांचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझर झालं, महाराष्ट्रात २५.४ टक्के. खासगी दवाखान्यांत देशभराचं प्रमाण ४७.४ टक्के होतं. सिझर गरजेची किती आणि बिनगरजेची किती, हा वाद महत्त्वाचाच आहे, पण ज्या बाईच्या पोटावर टाके पडले तिच्यासाठी तो संपलेला असतो. तिला आज रात्री काय करायचं ते हवं असतं.

दुखणं सहन करायचं नसतं

बहुतेक सिझर पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन, कंबरेखालच्या भागाला भूल देऊन होतात. ती भूल दोन ते चार तासांत उतरते. पायाची बोटं हलायला लागतात, मुंग्या येतात आणि मग टाक्यांची जागा ठणकू लागते. दुखणं हाताबाहेर जातं ते बहुधा याच वेळी. भूल पूर्ण उतरेपर्यंत थांबून, कळ असह्य झाल्यावर सिस्टरला हाक मारली, तर औषध यायला वेळ लागतो, लागू पडायला आणखी वेळ लागतो, आणि तोवर बाई घामाघूम झालेली असते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस वेदनाशामक घड्याळ लावून द्यावं, दुखो वा न दुखो. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी (२४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन ५० किलोहून कमी असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात), त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक जेवणानंतर, अशी ही साधी जोडी आहे. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने काम करतात, त्यामुळे एकत्र दिल्यावर जास्त कडक औषधांची गरज कमी पडते. किडनीचा त्रास, अल्सर, दमा, वाढलेलं बीपी किंवा खूप रक्तस्राव झालेला असेल तर जोडीतलं दुसरं औषध, म्हणजे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, चालेल का, ते डॉक्टरच ठरवतील, पण ही माहिती त्यांना आपण आठवणीने द्यायची.

‘गोळ्या घेतल्या तर दुधातून बाळाला जातील’ या भीतीने कित्येक जणी गोळी उशीखाली ठेवून देतात. वर सांगितलेल्या औषधांचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो आणि अंगावर पाजताना ती चालतात. जपायचं ते ट्रॅमाडॉल आणि कोडिनसारख्या झोप आणणाऱ्या औषधांना. कोडिन अंगावर पाजणाऱ्या आईला देऊ नये असाच सल्ला आहे. ट्रॅमाडॉल चालू असेल आणि बाळ जास्त सुस्त वाटलं, दूध ओढेना, तर लगेच दाखवायचं. उलट दुखणं आवरलं नाही तर बाई नीट बसू शकत नाही, बाळाला जवळ घेऊ शकत नाही, खोकायला आणि चालायला घाबरते. म्हणजे दूध, गॅस, छातीतला कफ आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या या सगळ्यांचं मूळ एका न घेतलेल्या गोळीत सापडू शकतं.

पाजताना ओटीपोटात पेटके येतात तेही घरच्यांना माहीत असावं. बाळ दूध ओढतं तसं गर्भाशय आकसतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जोराच्या असतात. टाके तुटल्याचं ते लक्षण नाही. पाजायच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ बसवली तर बरंच सोपं जातं.

डोकेदुखीचं वेगळं. मणक्यातल्या भुलेनंतर एक ते तीन दिवसांत, उठून बसल्यावर फुटेल असं दुखणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं ही सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्याची खूण आहे. ती टाळण्यासाठी ‘चोवीस तास उशी घ्यायची नाही, मान हलवायची नाही’ असं अजून सांगितलं जातं, पण सपाट झोपून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही. ती अवलंबून असते सुईच्या जाडीवर आणि टोकाच्या आकारावर. दुखलंच तर भूलतज्ज्ञाला बोलावून घ्या, त्यावर उपाय आहेत. पण पडून राहिल्यावरही डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधारी येत असेल, छातीच्या खाली मधोमध दुखत असेल, तर आधी बीपी मोजायचं. बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातं, आणि तोवर बाई बहुधा घरी आलेली असते.

पहिल्यांदा उठणं

भूल उतरून पाय उचलता येऊ लागले की सहा ते बारा तासांत पहिल्यांदा उठवणं चांगलं. सरळ पाठीवरून उठायचा प्रयत्न केला तर सगळा ताण टाक्यांवर येतो. दोन्ही गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हायचं. पाय खाटेखाली सोडता सोडता वरच्या हाताने गादी रेटून, खालच्या कोपरावर भार देत बसायचं. मग लगेच उभं राहायचं नाही. चार-पाच मिनिटं पाय लोंबते ठेवून बसायचं, घोट्यापासून पावलं वर-खाली हलवायची, चक्कर येत नाही ना ते पाहायचं. उभं राहताना सोबत कुणीतरी हवंच आणि नजर समोर ठेवायची. बायका टाक्यांच्या भीतीने पुढे वाकून चालतात, त्यानेच पाठ जास्त भरून येते. खोकताना, शिंकताना, हसताना उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायची.

लघवीची नळी काढल्यावर सहा तासांच्या आत लघवी व्हायला हवी. भुलेमुळे लागल्याची जाणीव मंद असते, म्हणून दर दोन-तीन तासांनी जाऊन बसायचं. झाली नाही, किंवा थेंबथेंब होऊन ओटीपोट फुगलेलं वाटलं, तर ‘होईल सकाळपर्यंत’ म्हणून थांबू नये. मूत्राशय जास्त ताणलं गेलं की पुढे कित्येक दिवस त्रास देतं.

खाण्याबद्दल दवाखान्यादवाखान्यात फरक आहे. गॅस सरल्याशिवाय पाणीही नाही, ही पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. गुंतागुंत नसलेल्या सिझरनंतर काही तासांतच पाणी, चहा, पेज आणि मग हलकं जेवण सुरू करता येतं, आणि त्याने आतडी लवकर कामाला लागतात, हे आता पुरेसं सिद्ध झालंय. म्हणून ‘कधीपासून देऊ?’ हे विचाराच. च्युइंगम चघळल्यानेही गॅस लवकर सरतो. कधी खांद्यात कळ येते, तीही पोटातल्या हवेची असू शकते, चालल्याने कमी होते. पण खांदा किंवा छाती दुखून धाप लागत असेल तर ते गॅसवर ढकलायचं नाही.

दूध

सिझर झालं म्हणून दूध येत नाही असं नाही. ते एखाद-दुसरा दिवस उशिरा भरतं, विशेषतः कळा सुरू होण्याआधीच सिझर झालं असेल किंवा रक्त जास्त गेलं असेल तर. तोवर जो चीक येतो तो चमच्या-दोन चमच्यांइतकाच असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. ऑपरेशन थिएटरमध्येच बाळाला उघड्या छातीवर ठेवता येतं आणि पहिल्या तासात पाजता येतं, यासाठी मात्र भूल देण्याआधीच डॉक्टरांशी आणि सिस्टरशी बोलून ठेवावं लागतं. मध, गुळाचं पाणी, ग्राइपवॉटर यांतलं काहीही बाळाच्या तोंडाला लावायचं नाही.

टाक्यांवर भार न पडता पाजायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, कुशीवर झोपून: आईच्या पाठीला उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी, बाळ पोटाला पोट लावून, त्याचं नाक आईच्या बोंडासमोर. दुसरी, बाळ काखेतून: आईच्या बाजूला दोन उशा रचायच्या, बाळाचे पाय तिच्या पाठीकडे, डोकं तळहातावर. यात बाळाची लाथ टाक्यांवर येत नाही. कुठल्याही तऱ्हेत बाळाने नुसतं बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा, नाहीतर बोंडाला चिरा पडतात.

बाळ काचेच्या पेटीत किंवा दुसऱ्या वॉर्डात असेल तर पहिल्या सहा तासांतच चीक हाताने काढायला लागायचं. हात स्वच्छ धुवून अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे आत दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबून सोडायची. कातडी घासायची नाही. थेंब स्वच्छ चमच्यात धरायचे. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा काढलं तरच दूध टिकतं. आणि बाळाला पुरतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरून येणं, ही दोन मापं पुरेत.

घरी आल्यावर

बिकिनी लाइनवरचा आडवा छेद असेल आणि टाके काढायचे असतील तर सहसा पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, वजन जास्त किंवा शुगर असेल तर उशिरा. आत विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत. कुठले घातलेत ते विचारून घ्या. पहिल्या दोन दिवसांत कातडीच्या कडा वरून जुळतात, त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने अंगावरून पाणी घेता येतं. साबणाने चोळायचं नाही, मऊ सुती कपड्याने टिपून कोरडं करायचं. पोट सुटलेलं असेल तर घडी टाक्यांवर पडून घाम साचतो आणि जखम तिथेच चिघळते. दिवसातून दोन-तीनदा झोपून घडी वर उचलून हवा द्यायची, मध्ये कोरडा सुती कपडा ठेवायचा. हळद, तेल, पावडर, कोरफड काहीही लावायचं नाही. चड्डीचं इलॅस्टिक टाक्यांच्या वर, कंबरेला येईल अशी घ्यायची.

थोडं पिवळसर पाणी झिरपणं आणि जखमेत पू होणं यांत फरक आहे. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान लाली रोज पसरत असेल, जागा गरम आणि टणक लागत असेल, वास येत असेल, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. घरी उरलेली अँटिबायोटिक सुरू करायची नाही. पॅड तासाभरात पूर्ण भिजतोय, लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडताहेत, एकच पोटरी सुजून दुखतेय, श्वास अपुरा पडतोय, झटका आला, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

आता आपल्या रिवाजांबद्दल. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, यांतलं काहीही वाईट नाही, आणि मायेने केलेलं खाणं बाईला बळ देतं. चूक होते ती फक्त लाडू-तूप-भात यांवरच ठेवण्यात. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण जखम भरायला डाळ, उसळ, अंडी, मासे, दही हवं आणि शौचाला त्रास होऊ नये म्हणून भाज्या, फळं आणि भरपूर पाणी. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा सल्ला सर्वांत नुकसान करतो: दुधालाही आणि शौचालाही. कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो, म्हणून गरज असेल तर इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध घ्यावं. लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन, दोन्ही सहा महिने. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे, आणि लोहाबरोबर चहा नाही.

शेक-शेगडी आणि धुरी यांबाबत मात्र माझं मत ठाम आहे: सिझरच्या बाळंतिणीला नको. टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते. तिथे विटेचा किंवा शेगडीचा शेक दिला तर भाजलेलं तिला कळतच नाही. बंद खोलीत निखाऱ्यांवर ओवा टाकून केलेल्या धुराने बाळाचाही श्वास कोंडतो. मालीश हात, पाठ, खांदे यांना खुशाल करावी, पोटाला सहा आठवडे नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजलेली असेल तर त्या पायाला कुणालाही हात लावू द्यायचा नाही, कारण आत रक्ताची गुठळी असली तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटपट्टा बांधल्याने चालताना आधार वाटतो, जरूर बांधा. पोट आत जाईल या आशेने आवळून, रात्रंदिवस बांधून ठेवू नका. पट्टा लावून खोल श्वास घेता आला पाहिजे आणि झोपताना तो काढला पाहिजे.

सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही: पाण्याची बादली नाही, मोठं मूलही नाही. मोठ्याला जवळ घ्यायचं असेल तर आपण बसायचं आणि त्याला शेजारी चढू द्यायचं. जिना हळू चढता येतो. दुचाकी चार ते सहा आठवड्यांनी, तीही अचानक ब्रेक मारताना पोटात कळ येत नाही अशी खात्री झाल्यावर.

‘सगळं छान होतं’ या उत्तराबद्दल

डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा कागद पुढे येतो. बिल भरायचंय, गाडी खाली उभी आहे, बाळ रडतंय, सिस्टर समोर उभी आहे. बाई ‘छान’वर टिक करते. त्यातून दवाखान्याला काहीच कळत नाही. काळजी कशी मिळाली हे ज्यांना खरोखर जाणून घ्यायचंय त्यांनी तेच दोन-सहा आठवड्यांनी, घरी फोन करून, नेमकं विचारावं. रात्री दुखतंय म्हटल्यावर औषध किती वेळात मिळालं? बाळ उचलून जवळ द्यायला कुणी आलं का? पडदा ओढून तपासलं का? सिझर का करावं लागलं, हे कुणी बसून सांगितलं का?

या शेवटच्या प्रश्नाचं वजन फार आहे. आयत्या वेळी, घाईत झालेल्या सिझरनंतर बायका ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त नाराज आणि अस्वस्थ असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. ‘ठोके कमी झाले’, ‘बाळाने आत शी केली’, ‘पिशवीचं तोंड उघडत नव्हतं’ एवढंच कानावर पडलेलं असतं आणि सही नवऱ्याने केलेली असते. मग आपणच कुठे कमी पडलो का, हे मनात घोळत राहतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खुर्ची ओढून दहा मिनिटं, नातेवाइकांशी नव्हे, तिच्याशी बोललं तर हा बोजा पुष्कळ उतरतो. डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. ते दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं, झोप येईना, बाळाजवळ जावंसं वाटेना, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मरणाचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि बाईला एकटीला ठेवायचं नाही.

सरकारी रुग्णालयात असाल तर हेही माहीत असू द्या: जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, सिझरसाठी सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. घरी आल्यावर आशाताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच वेळा येणं अपेक्षित आहे. त्या आल्या की फक्त बाळाचं वजन नको, टाकेही दाखवा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड घेऊन जा आणि त्याचा फोटो फोनमध्येही ठेवा. त्यावर सिझरचं कारण आणि गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा हे लिहिलेलं नसेल तर तिथेच लिहून मागा. कातडीवरचा व्रण पाहून आतला छेद कळत नाही, आणि पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का हे त्यावरच ठरतं. आधीच्या एका सिझरनंतर, आडवा छेद असताना, असा प्रयत्न करणाऱ्या चारांपैकी साधारण तिघींचं बाळंतपण नॉर्मल होतं. जुना टाका उघडण्याचा धोका दोनशेत सुमारे एक, म्हणून हा प्रयत्न सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा. पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. त्यासाठी तांबी, गोळ्या, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन यांतलं काय घ्यायचं ते याच भेटीत ठरवा, पाळी येण्याची वाट पाहू नका. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच सोनोग्राफीला ‘आधीचं सिझर आहे’ हे सांगा, म्हणजे गर्भ आणि नंतर वार जुन्या टाक्यावर तर बसलेली नाही ना, हे मुद्दाम पाहिलं जाईल.